काळ्या वळ्याची पुंगळी

बोलतेय ती पुंगळी आहे, गोळी नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोकांची नेहमी गल्लत होते. काडतूस म्हटलं की त्यांना गोळी आठवते. ती आवाज करते, लांब जाते आणि परत येत नाही. जे परत येत नाही त्याचं माणसांना फार कौतुक.

मी पितळेची. बोटभर लांबीची, तळाशी रुंद, मानेशी निमुळती. माझ्या तळाच्या खळग्यात टोपी बसते, पोटात बंदुकीची दारू आणि मानेत ती गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळते, गोळी निघून जाते आणि मी मागे राहते. गरम, काळवंडलेली, पण जागच्या जागी. मग मला उचलतात, पुसतात आणि पुन्हा भरतात. असं माझं चौदा वेळा झालं. गोळीला विचारा, तिला दुसऱ्यांदा तरी जमलं का.

माझा जन्म पितळेच्या एका जाड चकतीतून झाला. चकतीची ठोकून वाटी केली, वाटी ओढून नळी केली, आणि मध्ये मध्ये मऊ पडावं म्हणून भट्टीत घातलं. बालपण म्हणून सांगण्यासारखं एवढंच. मग शंभर जणींच्या एका खोक्यात बसून मी मोंटानाच्या पूर्व टोकाला, हॅडली नावाच्या गावी आले.

तिथे मला आर्विड क्वामेनं विकत घेतलं. या माणसानं चौतीस वर्षं हॅडलीच्या धान्य कोठाराच्या वजनकाट्यावर काढली होती. गव्हानं भरलेला ट्रक काट्यावर यायचा, आर्विड आकडा सांगायचा, शेतकरी तो आकडा चुकीचा आहे असं म्हणायचा आणि ट्रक पुढे जायचा. निवृत्त झाल्यावर त्याला तोलायला काही उरलं नाही. ट्रकपेक्षा मोठं काही गावात नव्हतं, म्हणून तो लहानाकडे वळला. लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद जुनाच होता; आता तळघरात त्यानं एक नाजूक तराजू मांडला आणि त्यासाठी स्वतःची काडतुसं स्वतः भरू लागला. एका ग्रॅमचे साधारण पंधरा ग्रेन होतात. आर्विड त्या एका ग्रेनचे दहा भाग करायचा आणि दहाव्या भागाशी भांडायचा.

आल्या दिवशीच त्यानं आम्हा शंभर जणींना एकेक करून तोललं. ज्यांची वजनं जवळजवळ सारखी, अशा पन्नास निवडल्या. बाकीच्या पन्नास त्यानं रूडी हाफनरला देऊन टाकल्या. रूडी गव्हाचा शेतकरी. शेतात बिळं करणाऱ्या खारींवर तो त्या वापरायचा आणि आपल्या खारींना वजनातला फरक कळत नाही असं आर्विडला मुद्दाम ऐकवायचा. तीस वर्षं त्याचा गहू आर्विडच्या काट्यावरून गेला होता. त्यातला एकही आकडा त्यानं कधी मान्य केला नाही. एवढ्या भांडवलावर त्यांची मैत्री पक्की झाली होती.

आम्हा पन्नास जणींना एक लाल डबा मिळाला. पाच ओळी, ओळीत दहा भोकं. माझी जागा तिसऱ्या ओळीत सातवी. ही जागा पाच वर्षं बदलली नाही. एवढी शाश्वती सरकारी नोकरीतही नसते.

तळघरात एका बाजूला आर्विडचं टेबल होतं आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या बायकोचं, वर्नाचं, राज्य. रुबार्बच्या मुरांब्याच्या बरण्या, लोणच्याची काकडी आणि वॉशिंग मशीन. आर्विड दारू तोलायला बसला की मशीन बंद ठेवायचं, कारण त्याच्या थरथराटानं तराजूची दांडी हलते. दारातून ये-जा करायची नाही, कारण वारा लागतो. वर्नानं हा नियम पाळला, पण एकदा शेजारणीला ती म्हणाल्याचं मी ऐकलंय, "आमच्याकडे धुणं कधी धुवायचं ते हवामानावर नाही, दारूगोळ्यावर ठरतं."

भरण्याचं काम बघण्यासारखं असायचं. आधी जळकी टोपी काढायची. मग मला साच्यात घालून मान आवळायची. लांबी मोजायची, वाढली असली तर छाटायची. नवी टोपी बसवायची. मग तराजू. मापानं दारू पारड्यात पडायची, काटा थोडा खाली राहायचा आणि आर्विड चिमटीत चार दाणे घेऊन बोटं हळूहळू फिरवायचा. एक दाणा पडायचा. अजून एक. शेवटच्या दाण्याला तो श्वास धरायचा. मी त्याच्या लग्नाला हजर नव्हते, पण तिथेही त्यानं एवढा श्वास धरला असेल असं वाटत नाही.

शनिवारी सकाळी मैदानावर. गावाबाहेर रेल्वेचे रूळ ओलांडले की एका गायरानात नेमबाजांच्या क्लबचं पत्र्याचं छप्पर आहे, आणि तिथून हजार यार्डांवर एक खंदक. खंदकात बसलेला माणूस लक्ष्याचा फलक वर करतो, गोळी लागली की खाली ओढतो, भोकावर खूण लावतो आणि पुन्हा वर करतो. या खालीवर होण्यात अर्धं मिनिट जातं आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात हॅडलीच्या नेमबाजांची खरी परीक्षा असते. गोळी सुटल्याबरोबर, फलक वर यायच्या आधी, ती कुठे लागली असेल ते नेमबाजानं मोठ्यानं सांगायचं असा रिवाज आहे. चाप सुटला त्या क्षणी नेम कुठे होता हे ज्याला कळतं तो नेमबाज. बाकीचे नुसते आवाज करतात.

फलकाच्या मधोमध दहा गुण, बाहेर जावं तसा प्रत्येक रिंगणाला एक कमी. आर्विडचं सांगणं कधी चुकायचं नाही. "नऊ, डावीकडे," म्हणाला की फलकावर नऊ, डावीकडे. शेजारी दुर्बिणीला डोळा लावून वारा वाचणारा रूडी नुसता हुंकार द्यायचा.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी जोडीची स्पर्धा असते. प्रत्येकानं वीस गोळ्या मोजणीच्या आणि आधी दोन अंदाजाच्या, म्हणजे बावीस. जिंकणाऱ्या जोडीची नावं क्लबच्या छपरातल्या लाकडी फळीवर तापल्या सळईनं कोरतात. आर्विड आणि रूडी त्या फळीवर नऊ वेळा आहेत. अलीकडे मात्र शेजारच्या काउंटीतले दोन भाऊ येऊ लागले होते. ते कमी बोलायचे आणि चांगले मारायचे. असली माणसं कोणालाच आवडत नाहीत.

आता मे १९८४ मधल्या त्या शनिवारकडे येते.

माझी अकरावी वेळ होती. सकाळ शांत होती, वारा दाखवणारे झेंडे काठीला चिकटून झोपले होते. आर्विड पालथा पडला, मला आत सरकवलं, चाप ओढला आणि म्हणाला, "दहा. मधोमध." फलक वर आला. खूण सातवर होती, पार डावीकडे.

रूडीनं झेंड्यांकडे बघितलं. झेंडे झोपलेलेच. त्यानं आर्विडकडे बघितलं. आर्विड माझ्याकडे बघत होता.

त्याचा हिशोब सरळ होता. वारा नाही. दारू त्यानं तोललेली. नेम मधोमध होता, त्यानं स्वतः बघितलेला. मग उरलं कोण? मी. त्यानं खिशातून काळं पेन काढलं, माझ्या कमरेभोवती एक काळं वळं ओढलं आणि मला लाल डब्यात न ठेवता कॉफीच्या एका रिकाम्या डब्यात टाकलं. ना चौकशी, ना नोटीस, ना माझं म्हणणं ऐकून घेणं. पाच वर्षांची नोकरी एका वळ्यात संपली.

एकच सांगते, आणि हे गर्वानं नाही तर खात्रीनं सांगते. माझ्यात काही दोष नव्हता. पुंगळीला स्वतःची मान कळते.

पुढच्या शनिवारी कॉफीच्या डब्यात आणखी तिघी आल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी चार. प्रत्येकीची हकिगत तीच. तो म्हणाला मधोमध, फलक म्हणाला नाही. आम्ही टोळक्यानं बसून एकमेकींना निर्दोष ठरवत होतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सव्वीस झालो. लाल डब्यात राहिल्या चोवीस.

आमच्यासारख्या दुसऱ्या आणायच्या नाहीत का, असं तुम्ही म्हणाल. बाजारात पुंगळ्या पुष्कळ होत्या. पण कारखान्याच्या एका खेपेची पुंगळी दुसऱ्या खेपेच्या पुंगळीत मिसळणं हे आर्विडच्या दृष्टीनं लबाडीच्या खालोखाल होतं, आणि आमची खेप कधीच संपली होती. तळघरात वर्ना कपडे पिळत असताना त्यानं तिला पाठमोरंच सांगून टाकलं, की बाविसाच्या खाली गेल्या की रायफल विकायची. भेसळ करून तो स्पर्धेत उभा राहणार नाही.

"उभा कुठे राहतोस?" वर्ना म्हणाली. "पालथा पडून तर मारतोस."

पण तिला हसू आलं नव्हतं. मला डब्याच्या काठावरून तिचा चेहरा दिसत होता. चोवीस म्हणजे अजून दोन वाईट गोळ्या, तिसरीला रायफल गेली. आणि रायफल गेली की हा माणूस खुर्चीत बसून खिडकीबाहेरचे ट्रक डोळ्यांनी तोलत बसेल हे तिला माहीत होतं.

तिला आणखीही बरंच माहीत होतं. संध्याकाळी गाडी चालवताना समोरच्या दिव्यांना केस फुटतात, असं तो एकदा बोलून गेला होता. वर्तमानपत्र तो तिरकं धरायचा. काकडीची बरणी समजून त्यानं मुरांबा उघडला होता आणि आता उघडलाच आहे म्हणून सॉसेजबरोबर खाल्लाही होता. डोळे दाखव, असं तिनं दोनदा सांगितलं. त्यावर तो म्हणाला की ज्याला दारूचा शेवटचा दाणा दिसतो त्याला डॉक्टर काय दाखवणार. दाणा तो भिंगाखाली, डाव्या डोळ्यानं बघायचा. पण हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. रूडीनं एकदा आडून सुचवलं, तेव्हा आर्विड त्याच्याशी दोन आठवडे बोलला नाही. तोंडानं सांगून हा ऐकणार नाही, एवढं दोघांना पुरतं कळलं.

मग आर्विड तीन दिवस भावाच्या घराचं छप्पर घालायला विलिस्टनला गेला. गाडी वळणापलीकडे गेली तसा वर्नानं रूडीला फोन केला.

रूडी तळघरात आला, तिनं काय मागितलं ते ऐकलं आणि टोपी काढून डोकं खाजवू लागला. दुसऱ्याच्या रायफलीला हात लावायचा म्हणजे त्याच्या दातांचा ब्रश वापरण्यासारखं होतं.

"त्याला कळलं तर तो मला गोळी घालेल," तो म्हणाला.

"घालू दे," वर्ना म्हणाली. "सध्या तीन रिंगणं डावीकडे लागेल."

रूडी हसला, आणि हसला म्हणजे तयार झाला.

तिनं कॉफीच्या डब्यातून दहा जणी मोजून घेतल्या. सगळ्यात तळाशी मी होते, तरी माझा नंबर लागला. तिनं ॲप्रनला हात पुसले, वॉशिंग मशीनचं बटण बंद केलं आणि आर्विडची वही समोर उघडून ठेवली. बत्तीस वर्षं ती हॅडलीच्या पोस्टात होती, टपालाच्या काट्यामागे. त्या वहीतलं वजन तिनं दोनदा वाचलं, तराजूची दांडी शून्यावर आहे का ते तीनदा बघितलं. मग चिमटीत दाणे. तिची बोटं आर्विडपेक्षा बारीक. शेवटच्या दाण्याला तिनंही श्वास धरला. नवरा-बायकोत काही गोष्टी नकळत सारख्या होत जातात म्हणतात, ते हे असावं.

बुधवारी सकाळी सातला मैदानावर छपराशी आम्ही तिघंच. रूडी, रायफल आणि आम्ही दहा मिळून एक. वर्ना हजार यार्ड चालत खंदकात गेली, सँडविचचा डबा घेऊन. रूडी पालथा झाला. रायफलीच्या मागच्या बारीक छिद्रातून पुढचं कडं बघायचं आणि कड्याच्या मधोमध फलकावरचा काळा गोल धरायचा, एवढंच काम. दहा गोळ्या त्यानं सावकाश मारल्या. मी चौथी होते.

वर्नानं फलकाचा कागद सोडवून आणला आणि गाडीच्या बॉनेटवर पसरला. नऊ भोकं जेवणाच्या बशीखाली झाकली गेली असती. दहावं चार बोटं बाहेर होतं.

"ते माझं," रूडी म्हणाला. "मला शिंक येत होती."

 आम्ही निर्दोष ठरलो होतो, पण कोणाला आनंद झालेला दिसला नाही. आम्ही निर्दोष याचा दुसरा अर्थ काय होतो ते दोघांनाही कळत होतं.

आर्विड गुरुवारी परत आला. शुक्रवारी सकाळी कॉफीचा कप घेऊन तळघरात उतरला, तर टेबलामागच्या भिंतीवर तो कागद टाचण्यांनी लावलेला. वर्ना दोरीवर चादरी टाकत होती आणि चादरींचं तिला फार काम आहे असं दाखवत होती.

"हे कोणाचं?"

"रूडीचं. तुझ्या रायफलीनं."

आता आभाळ कोसळेल असं मला वाटलं. पण आर्विडमधला काटेवाला नवऱ्याच्या आधी जागा झाला. त्यानं कप खाली ठेवला, मोजपट्टी काढली आणि भोकांचा पसारा मोजला. मग पुन्हा मोजला.

"पुंगळ्या कुठल्या?"

वर्ना चादर सोडून आली. ॲप्रनच्या खिशातून तिनं आम्हाला काढलं आणि टेबलावर एका ओळीत उभं केलं. दहा जणी, दहा काळी वळी.

त्यानं मला उचललं. उजेडाकडे धरून फिरवलं. "आणि दारू?"

"मी तोलली."

"तू?"

"तू ट्रक तोललेस, मी पत्रं तोलली," वर्ना म्हणाली. "तुझ्या काट्यावर रोज भांडणं व्हायची, आर्विड. माझ्या काट्यावर बत्तीस वर्षांत एक माणूस भांडला नाही."

आर्विडनं मोजपट्टी पुन्हा उचलली. खुर्ची ओढून बसला आणि आम्हा दहा जणींना एकेक करून तोललं. लांबी मोजली. मानेची जाडी मोजली. कुठेतरी दोष सापडावा म्हणून एखाद्या माणसानं इतकी मेहनत घेतलेली मी बघितली नाही. तासभर गेला. कॉफीवर साय धरली. वर्नाच्या सगळ्या चादरी घालून झाल्या होत्या, तरी ती गेली नाही.

शेवटी त्यानं मला खाली ठेवलं, डाव्या डोळ्यावर तळवा धरला आणि भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं.

"किती भोकं आहेत?" त्यानं विचारलं.

"तूच सांग."

"वीस."

वर्ना त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "त्यातली दहा खरी आहेत," ती म्हणाली.

त्यानं तळवा काढला. मग अगदी नेहमीच्या आवाजात, जणू ट्रकचं वजन सांगतोय अशा आवाजात, त्यानं कबूल केलं. मे महिन्यापासून कड्यात त्याला काळे गोल दोन दिसत होते. तो त्यातला जास्त काळा धरत होता.

"आणि मला सांगितलं नाहीस," वर्ना म्हणाली.

"मला वाटलं, एक आपोआप जाईल."

बिलिंग्जच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगितला आणि शस्त्रक्रियेला ऑक्टोबरची तारीख दिली. स्पर्धा ऑगस्टमध्ये. घरी येताना गाडी वर्नानं चालवली. आर्विड घरी येऊन तळघरात उतरला तेव्हा त्याला उत्तर सापडलेलं होतं. डावा डोळा चांगला आहे. मग डाव्या खांद्यावरून मारायचं.

रूडीला हे कळल्यावर तो खुर्चीत मागे रेलून हसला. "लेका, डाव्या हातानं तुला काट्यानं बटाटा उचलता येत नाही."

"बटाटा हलतो," आर्विड म्हणाला. "फलक हलत नाही."

सदुसष्ट वर्षांचा माणूस पाच आठवडे बैठकीच्या खोलीत सतरंजीवर पालथा पडून, रिकामी रायफल डाव्या खांद्याला लावून, दारामागच्या एका काळ्या ठिपक्यावर नेम धरत होता. रिकामी पुंगळी बाहेर काढायचा खटका उजव्या बाजूला, त्यामुळे प्रत्येक वेळी हात रायफलीवरून पलीकडे न्यायचा. घरी येणारे त्याला ओलांडून जायचे. चर्चचे पाळकसाहेब आले, त्यांनीही ओलांडलं, आणि हे कशासाठी चाललंय ते विचारण्याचा मोह टाळला.

मधल्या काळात त्यानं आम्हाला कॉफीच्या डब्यातून काढलं. वर्नाचं नखांवरचा रंग काढायचं औषध आणि एक चिंधी घेऊन पंचवीस जणींची वळी पुसली आणि प्रत्येकीला तिच्या जागी नेऊन ठेवलं. कोण कुठली हे त्याच्या वहीत होतं. मला मात्र त्यानं हातात घेतलं, चिंधी पुढे केली आणि थांबला.

"ही राहू दे," तो वर्नाला म्हणाला. "पहिली हीच होती."

मला राग आला नाही. चुकीचा शेरा खोडणं ठीक आहे, पण ज्यानं लिहिला त्यानं तो रोज बघणं हेही काही वाईट नाही. तिसरी ओळ, सातवी जागा, कमरेला काळं वळं. मी परत नोकरीवर होते.

स्पर्धेचा रविवार उजाडला. छपराखाली बायकांनी बटाट्याचं सॅलड, हॅम आणि पाव मांडला होता. वारा उजवीकडून, उगाच खोड्या काढणारा. रूडी आधी मारून गेला आणि त्यानं दोनशेपैकी एकशे त्र्याण्णव घेतले. त्या दोन भावांचं संपलं होतं, त्यांची बेरीज तीनशे एक्याऐंशी. मग आर्विड डाव्या खांद्यावर आला. प्रेक्षकांत थोडी खुसफुस झाली. एक जण म्हणाला की क्वामे चुकीच्या बाजूनं पडलाय, त्याला कोणीतरी सांगा.

एकोणीस गोळ्यांत त्याचे एकशे एकोणऐंशी झाले. रूडीनं गवताच्या काडीनं मातीत बेरीज केली आणि लगेच हातानं पुसली. विसावीला दहा पडले तर फळीवर दहावं नाव, नऊ पडले तर बरोबरी, आठ पडले तर काही नाही.

डब्यात हाताला लागेल ती उचलायची असा आर्विडचा स्वभाव नाही. त्यानं बोट फिरवत नेलं, तिसऱ्या ओळीत सातव्यावर थांबवलं आणि मला घेतलं. रूडीनं माझ्या कमरेचं काळं वळं बघितलं आणि डोळा दुर्बिणीला लावला.

मी आत गेले. काळोख, तेलाचा वास, मागे खटक्याचा आवाज. आत मला नेम दिसत नाही, पण माणसाचा श्वास ऐकू येतो. त्यानं श्वास धरला. तळघरात शेवटच्या दाण्याला धरायचा तसाच. मग माझ्या पोटात दिवस उगवला, आणि गोळी गेली.

फलक खाली गेला.  रिवाजाप्रमाणे आता आर्विडनं सांगायचं होतं. त्यानं हात पलीकडे नेऊन खटका ओढला, मी गवतात पडले, त्यानं मला उचललं. मी गरम होते, तरी त्यानं टाकलं नाही.

"आठ," तो म्हणाला. "उजवीकडे. चाप झटकला मी."

अर्धं मिनिट फार मोठं असतं. फलक वर आला. आठ. उजवीकडे.

तीनशे ऐंशी. एका गुणानं गेली. दोन्ही भावांनी एकमेकांशी हात मिळवले, तेही कमी बोलून. रूडी दुर्बिणीवरून उठला, गुडघे झटकले आणि आर्विडच्या मुठीकडे हनुवटीनं खूण केली.

"पुंगळी नाही बघायची?"

"पुंगळी ठीक आहे," आर्विड म्हणाला.

रूडीनं दुर्बिणीवर झाकण घातलं. "बावीस वर्षं तुझ्या शेजारी पडतोय," तो म्हणाला. "हे वाक्य आज ऐकलं." मग त्यानं आर्विडला हात देऊन उभं केलं आणि दोघं हॅम संपायच्या आत छपराकडे गेले. आर्विड वर्नाला ताटाजवळ आठाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. हरलेला माणूस इतका खूश असलेला बघून भावांपैकी धाकटा जरा गोंधळला. त्याला काय माहीत? मे महिन्यानंतर आज पुन्हा आर्विडचा डोळा आणि फलक एकच गोष्ट सांगत होते.

रायफल विकली नाही. ऑक्टोबरात डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्या डोळ्याला पुन्हा एकच चंद्र दिसू लागला. तरी आर्विड डाव्या खांद्यावरूनच मारतो. उजवीकडून काय, कोणीही मारतं, असं तो म्हणतो.

पुढच्या वसंतात माझी चौदावी वेळ झाली आणि मानेवर केसाएवढी चीर गेली. पुंगळीचं मरण असंच येतं, मानेतून. या वेळी त्यानं काळं पेन काढलं नाही. दोन्ही डोळ्यांनी मला नीट बघितलं आणि वहीत लिहिलं: तिसरी ओळ, सातवी. चौदा वेळा. मान फुटली. वयोमानानुसार. दोष नाही.

असा शेरा घेऊन निवृत्त होणारे किती निघतात ते तुमच्या ओळखीत शोधून बघा.

आता मी तराजूशेजारी फळीवर उभी असते. आर्विडची आखूड पेन्सिल माझ्यात असते, वहीत लिहायची ती. वॉशिंग मशीन आता त्याच्या तोलण्याच्या वेळी बंद असतंच असं नाही, कारण आठवड्यातून एक दिवस तोलायला वर्ना बसते, आणि त्या दिवशी नियम तिचे असतात.

माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्याही खिशात एक काळं पेन असणार, प्रत्येकाच्याच असतं. नेम चुकला की ते जरूर काढा. फक्त टोपण उघडण्याआधी एक डोळा तळव्यानं झाका, समोरच्या कागदाकडे बघा आणि भोकं मोजा. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा दहाच आली, तर खुशाल माझ्याकडे या. मी इथेच आहे. मी कुठे जात नाही.